दान पुरे केव्हा होते?

वाईस पाठशाळेत शिकत असताना आमच्या गुरुजींनी एकदा आम्हां मुलांना विचारले, "एका गृहस्थाने गाय दान दिली. उदक सोडले, दक्षिणा दिली, गाय दुसऱ्याच्या दावणीला नेऊन बांधली. पण हा गृहस्थ रोज सकाळी तिकडे जातो, गायीच्या पाठीवरून हात फिरवतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, 'ही आमची गाय बरं का!' आता सांगा, गाय कोणाची?" आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "ज्याला दिली त्याची." गुरुजी हसले. म्हणाले, "दावं त्याचं, गाय अजून ह्याचीच."

तेव्हा आम्हीही हसलो आणि विसरून गेलो. पन्नास वर्षांनी ती गाय पुन्हा आमच्यापुढे येऊन उभी राहिली. कशी, ते वाचकांना सांगावयाचे आहे.

दान म्हणजे नुसते देणे नव्हे. शास्त्रकारांनी त्याचे लक्षण दोन अंगांनी केले आहे. वस्तूवरचे आपले स्वामित्व निवृत्त झाले पाहिजे, हे पहिले अंग. आणि घेणाऱ्याचे स्वामित्व तिच्यावर उत्पन्न झाले पाहिजे, हे दुसरे. वस्तू हातातून गेली पण मनातून गेली नाही, तर पहिलेच अंग लुळे पडले. यज्ञात आहुती टाकल्यावर यजमान 'न मम' म्हणतो, ते ह्याचसाठी. तूप अग्नीत पडलेलेच असते, ते परत यावयाचे नाही. तरी तोंडाने म्हणावे लागते, हे माझे नाही. कारण हात सोडतो, पण मन धरून ठेवते.

आता प्रस्तुत विषयाकडे येऊ. आमच्या सातारा-सांगली भागात गावोगाव सेवामंडळे आहेत. कोणी रोटरीचे, कोणी लायन्सचे, कोणी गावातल्या तरुणांनी आपणच काढलेले. शाळा सुरू होताना वह्या वाटणे, मुलांचे डोळे-दात तपासणे, रक्तदान, झाडे लावणे, शाळेला पाण्याची टाकी देणे, अशी त्यांची कामे. वारकरी मंडळींत ह्या क्लबांविषयी थोडी थट्टेची भावना असते. "हॉटेलात जेवतात, गळ्यात पट्टे घालतात आणि सेवा म्हणतात," असे आम्हीही कीर्तनात बोलून लोकांना हसविले आहे. ते आमचे चुकले. ज्याची आपल्याला माहिती नाही, त्याच्यावर हशा मिळविणे सोपे असते.

माहिती घेतली तेव्हा कळले ते असे. रोटरी सुरू झाली १९०५ साली, २३ फेब्रुवारीस, अमेरिकेत शिकागो शहरी. पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने चौघे एकत्र बसवून आरंभ केला. लायन्सही त्याच शहरी, १९१७ साली. मेल्विन जोन्स नावाच्या विमा व्यावसायिकाने उभे केले. १९२५ साली हेलन केलर ह्या अंध-बधिर विदुषीने लायन्सपुढे उभे राहून सांगितले, अंधारातल्या लोकांसाठी काही करा. तेव्हापासून डोळ्यांचे काम त्यांनी धरले ते सोडले नाही. आमच्या मिरजेतही लायन्सच्या नावाचे नेत्र रुग्णालय आहे. मोतीबिंदू काढलेल्या म्हातारीला पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा नातवाचे तोंड दिसते, तिथे कीर्तनकाराने थट्टा कशाची करावी?

इतके झाल्यावर एका क्लबाने आम्हांला बोलाविले, तर आम्ही आनंदाने गेलो. सांगली जिल्ह्यातील एका गावची शाळा. जून महिना, पाऊस लांबलेला. वह्यावाटपाचा कार्यक्रम, आम्ही प्रमुख पाहुणे. मुले नऊ वाजल्यापासून पटांगणात बसविलेली होती. दुसरे पाहुणे आले साडेअकराला. मग दीपप्रज्वलन, स्वागत, शाल, श्रीफळ, परिचय. त्यानंतर चाळीस मुलांची नावे वाचली गेली. एकेकाने पुढे यावे, वह्या घ्याव्या, नमस्कार करावा.

आमच्या हातून वह्या घ्यायला एक पोर आली. सहावी-सातवीतली असेल. दोन वेण्या, तेल लावलेले, वर मान करीना. आम्ही वह्या दिल्या. छायाचित्रकार म्हणाला, "थांबा, थांबा, कुणीतरी मधे आलं. परत द्या." पोरीने वह्या परत आमच्या हाती दिल्या. आम्ही पुन्हा दिल्या. "बाळ, इकडं बघ, हास जरा." ती हसली नाही. तिसऱ्यांदा झाले तेव्हा साधले. आम्ही मात्र तिन्ही वेळा हसत होतो, हे पुढे छायाचित्रात पाहिले.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात ते छायाचित्र आले. खाली ओळ होती, अमुक क्लबतर्फे गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप. आम्ही ते कात्रण घरात दाखविले. कोणाला न आवडेल?

पुढच्या आठवड्यात त्याच गावी आमचे कीर्तन होते. कीर्तन झाल्यावर एक म्हातारी पाया पडायला आली. म्हणाली, "म्हाराज, त्या फोटूतल्या पोरीची मी आजी." आम्ही म्हणालो, "वा, वा. पोर काय म्हणते?" म्हातारी खाली बघून म्हणाली, "वह्या घावल्या त्ये लई बरं झालं. पर दोन दिस साळंत गेली न्हाई. पोरी तिला 'गरीब व होतकरू' म्हणून हाक मारत्यात. तिच्या बापानं पेपर बघितला आन् त्या वह्या उचलून माळ्यावर टाकल्या. म्हनला, मी रोज कामाला जातोय, भीक न्हाई मागत." मग तिला वाटले, आपण जास्त बोललो. घाईने म्हणाली, "तुमचं न्हाई वं म्हाराज काई. तुमी द्येवमाणूस."

देवमाणूस! त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. गुरुजींची गाय डोळ्यांपुढे उभी. वह्या पोरीच्या माळ्यावर होत्या, पण त्या कोणाच्या होत्या? छायाचित्रात आमच्या आणि क्लबाच्या. दावे तिचे, गाय आमची.

सकाळी उठून आम्ही क्लबाच्या अध्यक्षांकडे गेलो. तरुण माणूस, सज्जन, स्वतःच्या खिशातले घालणारा. त्याला सगळे सांगितले. त्याला वाईट वाटले, पण तो गप्प बसला नाही. म्हणाला, "महाराज, माझं ऐकून घ्या. फोटो नसला तर देणारा पुढच्या वर्षी देत नाही. मी दारोदार फिरतो, मला ठाऊक आहे. फोटोपायी चाळीस मुलांना वह्या मिळतात. फोटो बंद केला तर दहांना मिळतील. तीस मुलांना काय सांगू? आणि राग येणार नसेल तर विचारतो. तुमच्या सप्ताहाच्या पत्रिकेवर अन्नदात्यांची नावं छापत नाहीत का? कोणाची पुरणपोळी, कोणाची बुंदी, दिवसासकट?"

वाचकहो, ह्याला उत्तर काय द्यावे? पत्रिका तर आमच्या पिशवीतच होती. मंडपाच्या दारावर दात्यांच्या मुखवट्यांचा फलक, देवळाच्या पायरीवर नाव, समईवर नाव, घंटेवर नाव. घंटा वाजवताना देवाच्या आधी दात्याचे नाव डोळ्यांपुढे येते. वह्यांच्या गठ्ठ्यावर नाव आले म्हणून आम्ही कोणत्या तोंडाने बोलणार? आम्ही म्हणालो, "दादा, उत्तर नाही. विचार करून येतो."

तो विचार तुमच्यापुढे मांडतो.

भगवंतांनी गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार केले आहेत. देणे हे कर्तव्य आहे म्हणून, परतफेड न करू शकणाऱ्याला, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक. काही परत मिळावे म्हणून, फळावर डोळा ठेवून, किंवा कुरकुरत दिलेले ते राजस. अयोग्य जागी, सत्कार न करता, अवज्ञेने दिलेले ते तामस. आम्ही हा श्लोक शेकडो वेळा सांगितला असेल. पण एक गोष्ट ध्यानात आली नव्हती. अध्यक्ष म्हणतो ते दान राजस आहे, हे उघड. पण भगवंतांनी राजसाला दान म्हणायचे नाकारलेले नाही. ते खालच्या पायरीवर आहे, पण पायरीवर आहे. भुकेल्याच्या पोटात पडलेला घास राजस म्हणून कमी पोट भरीत नाही. तेव्हा तीस मुलांचा प्रश्न खरा आहे. तो शास्त्र सांगून उडवून लावता यावयाचा नाही.

मग त्या पोरीचे दुःख कशाने झाले? राजसाने नव्हे. त्यात तामसाचा अंश मिसळला, त्याने झाले. अवज्ञा म्हणजे शिवी देणेच नव्हे. अडीच तास मुलांना ताटकळत ठेवणे ही अवज्ञा. दिलेली वस्तू परत घेऊन पुन्हा देणे ही अवज्ञा. 'गरीब' हा शब्द तिच्या तोंडाखाली छापणे ही अवज्ञा. देणारे सगळे चांगले होते आणि तरीही घडले, हेच भय आहे.

२०१९ सालच्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट. सारा महाराष्ट्र मदतीला धावला. ह्या दोन्ही जिल्ह्यांतल्या माणसांनी ते विसरू नये. पण नदीकाठच्या एका गावच्या चावडीत आम्ही जुन्या कपड्यांचा ढीग पाहिला. फाटके परकर, बटणे तुटलेले सदरे, कुठल्याशा लग्नातला जरीचा कोट. एक बाई म्हणाली, "म्हाराज, घर बुडलं आमचं, लाज न्हाई बुडली." देणाऱ्यांनी कपाट रिकामे केले होते. त्यांना जे नको होते ते गेले, हिला जे हवे होते ते आले नाही. त्याच गावात एका मंडळाची पोरे आली. फावडी, घमेली घेऊन आली आणि शाळेत शिरली. गुडघाभर चिखल काढला. मग गुरुजींना विचारले, "काय हवं?" गुरुजी म्हणाले, "पुस्तकं भिजली, वह्या भिजल्या, हजेरीपटसुद्धा गेला." चार दिवसांनी ती पोरे वह्यापुस्तके घेऊन पुन्हा आली. गुरुजींच्या हाती देऊन निघून गेली. आधी विचारले आणि मग आणले, एवढाच फरक. पण त्या विचारण्यात सगळा सत्कार आला.

आता नावाचा प्रश्न. नाव घालावे की घालू नये? ह्याचे उत्तर आम्हांला पोथीत नाही, पोलिओच्या डोसात सापडले.

पोलिओने पाय गेलेले मूल आमच्या लहानपणी प्रत्येक गावात असे. १९८५ साली रोटरीने संकल्प केला की हा रोग पृथ्वीवरून घालवावयाचा. १९८८ साली जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ वगैरेंनी मिळून मोठी मोहीम उघडली. त्या वेळी जगात वर्षाला सुमारे ३,५०,००० मुले ह्या रोगाने लुळी पडत होती. आपल्याकडे १९९५ पासून देशभर पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. शाळेत, एसटी स्टँडवर, आठवड्याच्या बाजारात, हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, जिथे मूल तिथे बर्फाची पेटी गेली. आरोग्य खात्याची माणसे, अंगणवाडीच्या बाया, शिक्षक आणि त्यांच्या जोडीला क्लबाची मंडळी. भारतातला ह्या रोगाचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात सापडला. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला. पाकिस्तान व अफगाणिस्तानातून मात्र रोग अद्याप पुरता गेलेला नाही, म्हणून आपल्याकडेही डोस चालूच आहेत.

आता गंमत पाहा. डोस दिल्यावर खूण करीत, ती कोठे? मुलाच्या करंगळीच्या नखावर, शाईची. देणाऱ्याच्या कपाळावर नाही. ती खूण कशासाठी? 'मी दिले' हे सांगण्यासाठी नव्हे, 'हे मूल राहिले नाही' हे कळण्यासाठी. आठ दिवसांत शाई पुसून जाई. आज विशीतिशीतला कोणताही धडधाकट तरुण उभा करा आणि विचारा, तुझ्या तोंडात थेंब कोणी घातले? त्याला सांगता यावयाचे नाही. तो आपल्या पायांना आपले पाय म्हणतो. इथे दान पुरे झाले. घेणाऱ्याचे स्वामित्व इतके पक्के झाले की आपण काही घेतले होते, हेच तो विसरला.

तेव्हा प्रश्न नावाचा नाही, नाव कशासाठी ह्याचा आहे. हे आमच्या साताऱ्याने पूर्वीच दाखविले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास आणली. धनिणीच्या बागेत सर्व जातींची मुले एकत्र राहू लागली, एका पंक्तीला जेवू लागली. मुलांना जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. पण ती मुले आश्रितासारखी राहिली नाहीत. स्वयंपाक, झाडलोट, शेतीकाम स्वतः करीत आणि शिकत. घेणाऱ्याची मान ताठ राहील अशी ती व्यवस्था होती. आणि अण्णांनी नावे कोणाची दिली? वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे. महात्मा गांधींनी १९२७ साली त्याचा नामकरण समारंभ केला. १९४७ साली साताऱ्यास महाविद्यालय काढले, त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचे. १९५४ साली कऱ्हाडला काढले, त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे. नाव घालायचेच तर आपल्याहून मोठ्याचे घालावे, म्हणजे आपल्याला मान खाली घालून आत जावे लागते.

गाडगेबाबांचा जन्मही २३ फेब्रुवारीचाच, १८७६ सालचा. बाबा गावात आले की आधी खराट्याने गाव झाडीत, मग कीर्तनाला उभे राहत. पंढरपुरात त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन करून टाकली. लाखोंच्या इमारती बांधणारा हा पुरुष स्वतः झोपडीत राहिला. 'न मम' हा मंत्र त्यांनी पाठशाळेत म्हटला नव्हता. आम्ही म्हटला होता.

मात्र एका जागी नाव अवश्य असावे, असे आमचे मत झाले आहे. शाळेला पाण्याची टाकी दिली, वर दात्याची पाटी लावली. तीन महिन्यांनी पाटी चकाकते आहे आणि तोटी कोरडी. असे आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. विहिरी, तळी, धर्मशाळा ह्यांना धर्मशास्त्रात पूर्त म्हणतात, आणि जीर्णोद्धाराचे पुण्य मूळ बांधणाऱ्याच्या पुण्याहून कमी मानलेले नाही. पण जीर्णोद्धाराचा समारंभ होत नाही, म्हणून तोटीच्या चकतीला पैसे मिळत नाहीत. तिथे नाव लिहावे, पण असे लिहावे: टाकी बिघडल्यास अमक्याला सांगावे. कीर्तीसाठी लिहिलेले नाव म्हणजे वसुली, आणि उत्तरदायित्वासाठी लिहिलेले नाव म्हणजे कर्जाची कबुली. अक्षरे तीच.

हे सगळे आम्ही अध्यक्षांना जाऊन सांगितले. त्यांनी ऐकले, आणि वादही घातला. अखेर ठरले ते असे. पुढच्या जूनमध्ये वह्या आधीच शाळेत पोचल्या. वर्गातल्या सगळ्या मुलांना सारख्या, गुरुजींच्या हातून, पहिल्या तासाला. छायाचित्र काढले ते वह्यांच्या गठ्ठ्यांचे. वर्गणी काही कमी झाली. दोघा देणाऱ्यांनी हात आखडला, हे खोटे कशाला सांगू? ती तूट क्लबाच्या लोकांनी आपल्या एका जेवणावळीला फाटा देऊन भरून काढली. आणि आमच्याकडून त्यांनी एक वचन घेतले. आमच्या सप्ताहात एका दिवसाचे अन्नदान बिननावाचे ठेवावयाचे. आम्ही गावात बोललो, तर पंच म्हणाले, "महाराज, नाव नाही तर कोण उभा राहील?" पहिल्या वर्षी खरेच कोणी उभे राहिले नाही. तो दिवस आम्ही आमच्या बिदागीतून केला, आणि कबूल करतो, पंक्तीत वाढताना हे कोणीतरी ओळखावे असे दोनदा मनात आले. साठी उलटली, गाय अजून दावणीला जाऊन बघावीशी वाटते.

गेल्या आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला आली. चालून आमच्या पायाला फोड आले होते. तळावर एका मंडळाचा दवाखाना मांडलेला. एका तरुण डॉक्टराने आमचा पाय मांडीवर घेतला, धुतला, मलम लावून पट्टी बांधली. आम्ही सवयीने विचारले, "बाळ, नाव काय तुझं?" त्याने वर पाहिले नाही. मागच्या म्हाताऱ्याला हात करीत म्हणाला, "माउली, सरका जरा पुढं. पाय ओला करू नका उद्यापर्यंत." आणि तो म्हातारा आपला पाय पुढे करीत त्याला म्हणाला, "माउली, हळू हं."

देणाराही माउली, घेणाराही माउली. आम्ही पुन्हा नाव विचारले नाही.